एका पट्ट्यात दोन शिस्ती

पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतून मोटारी रोज बाहेर पडतात. मोटारींनी एकमेकींशी कोणत्या रीतीने बोलायचे, हा वाद मात्र जगभर रेंगाळला आहे.

वाद आहे ५.९ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्याचा. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९९ साली त्यातले ७५ मेगाहर्ट्झ वाहतुकीसाठी राखले. २०१० मध्ये वाय-फायच्या घराण्यातले ८०२.११पी मानक आले, २०१७ मध्ये मोबाइलच्या घराण्यातले एलटीई-व्हीटूएक्स. पहिली पद्धत एसटीत चढून सीट रिकामी आहे का ते पाहते, मग बसते. दुसरी खिडकीतून रुमाल टाकून मोकळी होते.

म्हणजे असे की ८०२.११पी प्रत्येक संदेशाआधी काही मायक्रोसेकंद कानोसा घेते. एलटीईची मोटार मागच्या सेकंदाभरातली वर्दळ पाहून एक मिलिसेकंदाचा कप्पा निवडते आणि पुढचे अनेक संदेश ठरल्या वेळी सोडते. ऐन क्षणी ऐकत नाही. शेजारची वाय-फाय मोटार ब्रेकचा इशारा देत असली, तरी तिच्या अंगावर बोलते. गंमत पुढेच आहे. एलटीईच्या कप्प्याच्या शेवटी सुमारे ७१ मायक्रोसेकंद रिकामे असतात. ८०२.११पीच्या सर्वांत तातडीच्या संदेशाला किमान ५८ मायक्रोसेकंदांची शांतता पुरते. म्हणून वाय-फाय मोटार त्या फटीतून शिरू शकते आणि पुढच्या कप्प्यातल्या आरक्षणावर आदळते.

यावर युरोपच्या दूरसंचार मानक संस्थेने अनेक उपाय तपासले. एक म्हणजे एलटीईच्या संदेशापुढे वाय-फायला ओळखू येईल अशी छोटी खूण लावणे. दुसरा, वेळ वाटून घेणे. दुसऱ्यासाठी सर्वांची घड्याळे जुळायला हवीत. ती वेळ बहुधा उपग्रहाकडून येते, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण किंवा कामशेत बोगद्यात उपग्रह दिसत नाही.

अमेरिकेने २०२० मध्ये ४५ मेगाहर्ट्झ घराघरांतल्या साध्या वाय-फायला दिले आणि उरलेले ३० मोबाइल पद्धतीकडे वळवले. हा प्रश्न सोडवणे नव्हे, मोडीत काढणे झाले. युरोपात मोटारींच्या वाय-फाय पद्धतीला झुकते माप देणारा प्रस्ताव २०१९ मध्ये फेटाळला गेला, तरी फोक्सवॅगनची आठवी गोल्फ तीच पद्धत घेऊन रस्त्यावर आली. तिथे दोन्ही पद्धतींचा शेजार टळणार नाही.

म्हणून या परिषदेत निबंध वाचणाऱ्यांना एक विनंती. आपल्या पद्धतीचे किती संदेश पोहोचले हे सांगताना, तिच्यामुळे शेजारणीचे किती बुडाले, तो आकडाही पडद्यावर दाखवावा.