गव्हाला मज्जाव असलेली बेकरी

‘आमच्याकडे ग्लूटेनमुक्त केकही मिळेल’ असं सांगणारा कॅफे वेगळा आणि जिथे गव्हाच्या पिठाला दारातच मज्जाव आहे, अशी बेकरी वेगळी. सीलिअ‍ॅक आजार असलेल्यांना हा फरक चांगलाच ठाऊक असतो.

गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे अशा माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. गव्हाचा हा दोष डच डॉक्टर विलेम डिके यांनी १९५०च्या प्रबंधात मांडला. उपाय अजूनही एकच, जन्मभराचं पथ्य.

ग्लूटेनमुक्त म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे, भारतातही. पण मैदा हवेत उडतो, ओट्यावर बसतो, टोस्टरमध्ये चुरा राहतो, तळणीचं तेल सामाईक असतं. म्हणून स्वतंत्र बेकरी हवी. तिथे तांदूळ, ज्वारी, बदाम यांची पिठं वापरतात. ग्लूटेनची पकड इसबगोल किंवा झँथन गम देतो. असा पाव लवकर कोरडा पडतो, तेव्हा ताजाच खावा.

तुम्ही म्हणाल, आपली भाकरी आहेच की! आहे, पण गिरणीत ज्वारीच्या आधी गहू दळला असेल तर? आणि फोडणीतला हिंग? बाजारच्या अनेक डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी उलटून घटक वाचा.

कॅफेत मेन्यू उघडण्याआधी विचारा, स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ येतं का? ‘येतं, पण वेगळं ठेवतो’ असं उत्तर मिळालं, तर चहावरच भागवलेलं बरं.