बंद खोलीतली ऊब

डिसेंबर-जानेवारीत भोपाळचा पारा रात्री अनेकदा 10 अंशांखाली उतरतो. कोलार रोडवरच्या फ्लॅटांत खिडक्या गच्च बंद होतात आणि सकाळी काचांवर पाण्याचे ओघळ दिसतात. ते बाहेरचं दव नव्हे. आपला श्वास, चहाचं आधण, खोलीत वाळत घातलेले कपडे यांचं ते बाष्प असतं. 1 किलो स्वयंपाकाचा गॅस जळला, की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन घरात येतं!

युरोपातल्या कालव्यांवर हिवाळाभर नावेत राहणारी माणसंही याच ओलीशी झगडतात. थंड तळाला टेकलेली गादी खालून भिजते, म्हणून ती फटी ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांवर घालतात. तुम्ही फरशीवर झोपत असाल तर गादी सकाळी उभी करून ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सरकवा, नाहीतर मागे बुरशी धरते. दुपारी खिडक्या सताड उघडा.

अगदी कळकळीने सांगायचं आहे ते सिगडीबद्दल. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, झोपलेल्याला कळतही नाही. धूर थांबला म्हणून सिगडी आत घेऊ नका. निखारे लाल असेपर्यंत तो वायू निघतच असतो. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि लगेच 108 ला फोन लावा.