त्रिकोणाला मध्य किती?

नकाशावर मध्य प्रदेशातली मांडू, धार आणि देवास ही तीन शहरं सरळ रेषांनी जोडा. आता या त्रिकोणाचा मध्य कुठे?

मध्य एकच नाही. प्रत्येक शहरापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेषा काढली, की मिळतो मध्यगासंपात. तो पडतो साधारण बेटम्याच्या आसपास. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापला, तर तो याच बिंदूवर तोलला जातो.

तिन्ही शहरांपासून सारख्याच अंतरावर असतं ते परिकेंद्र. धारजवळचा कोन काटकोनाहून किंचित मोठा असल्यानं ते त्रिकोणाबाहेर, महूच्या बाजूला जातं. तिथून प्रत्येक शहर सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर. प्रत्येक शहरातून समोरच्या बाजूवर काढलेले लंब जिथे मिळतात, तो शिरोलंबसंपातही बाहेरच, पण धारच्या पलीकडे. तिन्ही बाजूंपासून समान अंतरावरचं अंतर्केंद्र मात्र कधीच बाहेर पडत नाही.

मध्यगासंपात, परिकेंद्र आणि शिरोलंबसंपात एकाच रेषेत येतात, हे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं. शिरोलंबसंपातापासून मध्यगासंपाताचं अंतर परिकेंद्रापासूनच्या अंतराच्या नेमकं दुप्पट असतं. कोणतीही तीन गावं घेऊन पडताळून पाहा. फक्त ती एका रेषेत नसावीत.