दोन काठांची माहुली

साताऱ्याहून पूर्वेला पाचेक किलोमीटर गेलं की कृष्णेचा काठ लागतो. अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. संगम माहुलीपाशी वेण्णा कृष्णेला येऊन मिळते.

या दोघी एकाच माहेरच्या, महाबळेश्वरच्या पठारावरच्या. कृष्णा धोम-वाईच्या खोऱ्यात उतरते, वेण्णा मेढ्याच्या. दोघींच्या मध्ये डोंगराची लांबच लांब सोंड आहे. तिच्याच एका फाट्यावर वैराटगड उभा आहे. ती सोंड मागं पडते आणि दोघी पुन्हा भेटतात, ती ही जागा.

१७०८ मध्ये शाहू छत्रपतींचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि राजधानीजवळचा हा संगम राजघराण्याचं तीर्थ ठरला. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये इथं विश्वेश्वराचं मंदिर बांधलं; पलीकडच्या काठावर रामेश्वर आहे. दगडी घाटांनी दोन्ही काठ बांधून निघाले. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले, त्यांचे अंत्यसंस्कार इथंच झाले. त्यांची समाधी इथं आहे, महाराणी ताराबाईंची आहे, आणि शाहूंच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे. वारसाहक्कासाठी वर्षानुवर्षं एकमेकांशी झगडलेले शाहू आणि ताराबाई अखेर एकाच वाळवंटात विसावले.

रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश या गावानं दिला. १८१७ च्या ऑगस्टमध्ये पेशवा दुसरा बाजीराव इथं ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कमला भेटला. तीनच महिन्यांत इंग्रजांशी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा अस्त सुरू झाला.

पुढं कराडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. या संगमांवरही देवळं आहेत, घाट आहेत. पण राज्याचा उदय आणि अस्त दोन्ही पाहिलेला संगम माहुलीचाच.

म्हणून श्रोतेहो, एक कळकळीची विनंती. माहुलीच्या समाध्या नदीपात्रालगत आहेत. पुराचा गाळ आणि आपली बेपर्वाई, दोन्ही त्यांच्या मुळावर येतात. पूर आपल्या हातात नाही, पण निर्माल्य आणि कचरा पाण्यात न टाकणं तर आपल्याच हातात आहे. साताऱ्याच्या प्रत्येक शाळेनं वर्षातून एकदा मुलांना इथं आणावं. इतिहास आणि भूगोल हे दोन्ही तास या एका घाटावर होतील, आणि जे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं, ते जपायला त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.