मनांत घर करून राहणारा शब्द

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं स्तुतीचा सुकाळ असतो. गेले तीन दिवस या मंडपांत हार, श्रीफळें आणि गौरवाचीं भाषणें यांची रेलचेल चालली आहे, आणि तें योग्यच आहे. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हें ख्रिस्तमंदिर उभारिलें, त्यांचें स्मरण न करणें ही कृतघ्नता ठरली असती. परंतु मंडप उतरला म्हणजे हार सुकून जातात आणि भाषणेंहि बहुतेक विस्मरणांत जातात. असें असतां एखादाच साधा शब्द माणसाच्या मनांत आयुष्यभर कां टिकून राहतो? या एका प्रश्नाचा आज आपणांबरोबर विचार करावा, असा माझा हेतु आहे.

असा एक टिकलेला शब्द आपण दररोज मुखानें उच्चारितों. संत लूकच्या शुभवर्तमानांत सांगितल्याप्रमाणें पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशांत राहणाऱ्या आपल्या नातलग एलिझाबेथ हिच्या घरीं गेली. तिचा आवाज कानीं पडतांच त्या वयोवृद्ध स्त्रीनें तिला व तिच्या उदरांतील बाळाला धन्य म्हटलें. 'नमो मरिये' या प्रार्थनेचा आरंभ देवदूताच्या नमस्कारानें होतो. त्यापुढचे शब्द या एलिझाबेथेचे आहेत. एका घरांत एका बाईनें दुसरीस प्रेमानें म्हटलेला तो शब्द रोझरीच्या पांच रहस्यांत आपण पन्नास वेळां म्हणतों.

त्या शब्दांत असें काय होतें? मरिया तरुण होती, दूरचा प्रवास करून आलेली होती, आणि ज्यावर जगानें सहसा विश्वास ठेविला नसता असें गूज तिच्या अंतःकरणांत होतें. अशा घडीला तिला कोणीतरी ओळखिलें. स्तुति आणि खुशामत यांतील अंतर येथेंच आहे. खुशामत करणाऱ्याची दृष्टि स्वतःच्या लाभावर असते. स्तुति करणारा समोरच्या माणसाकडे पाहतो. म्हणूनच खुशामतीचे शब्द कोणालाहि लागू पडतात; खऱ्या स्तुतीचे शब्द मात्र ज्याचे त्यालाच शोभतात.

अशी ओळख एका दिवसांत होत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें उदाहरण आपणां मराठी भाषिकांस जवळचें आहे. हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोमंतकांत उतरले. १५८३ सालीं आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं इकडील भाषांविषयीं एवढेंच कळविलें कीं, त्यांचे उच्चार कानांस वाईट लागत नाहींत आणि त्यांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे. ही एका विद्वान पाहुण्याची मोजकी दाद होती. त्यानंतर ते येथल्या लोकांत राहिले आणि लोकांची भाषा त्यांनीं आपलीशी केली. ३३ वर्षांनीं, म्हणजे १६१६ सालीं, त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. त्याच्या आरंभीं मराठीचा जो गौरव आहे, तो पाहुण्याचा नव्हे, घरच्या माणसाचा आहे. रत्नें, फुलें, सुगंध आणि पक्षी यांत जें जें श्रेष्ठ, त्याच्या पंक्तीस त्यांनीं आपल्या भाषेला बसविलें. राज्यकर्त्यांची भाषा निराळी असतांना त्यांनीं हा शब्द उच्चारिला. चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी मराठी माणूस तो विसरलेला नाहीं.

स्तुतीचें दुसरें लक्षण म्हणजे तिची वेळ. कोलोन येथें थोर आल्बर्ट गुरूंपाशीं एक धिप्पाड व अबोल विद्यार्थी शिकत असे. सोबती त्याला मुका बैल म्हणून हिणवीत. परंपरेनें असें सांगतात कीं, त्याची बुद्धि पाहून एके दिवशीं गुरूंनीं सर्वांदेखत बजाविलें, या बैलाची डुरकणी उद्यां साऱ्या जगाला ऐकूं येईल. तो विद्यार्थी म्हणजे संत थॉमस अक्वायनस. १२७४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या ग्रंथांपाशीं आम्हां धर्मगुरूंच्या कित्येक पिढ्या बसल्या. कीर्ति झाल्यावर वाखाणणी करावयास धैर्य लागत नाहीं. चारचौघे हसत असतांना जो पाठीशीं उभा राहतो, त्याचाच शब्द माणूस शेवटपर्यंत जपतो.

आतां एक लहानशी गोष्ट सांगतों. मी नवदीक्षित असतांना एका दूरच्या धर्मग्रामांत माझी नेमणूक झाली. तेथें एक वृद्ध गृहस्थ घंटा वाजवीत व ख्रिस्तमंदिराची झाडलोट करीत. माझें पहिलें प्रवचन झाल्यावर पुष्कळांनीं 'फार सुंदर' म्हटलें. तें मी केव्हांच विसरलों. ते वृद्ध मात्र वेदीवरील मेणबत्त्या मालवितां मालवितां म्हणाले, "फादर, आज शेवटच्या बाकापर्यंत ऐकूं आलें. तिथें आमच्यासारखीं माणसें बसतात." त्या दिवसापासून प्रवचनास उभा राहिलों कीं माझी दृष्टि प्रथम शेवटच्या बाकाकडे जाते.

कांहीं वर्षांनीं ते गृहस्थ वारले. दफनविधीस सारें गांव लोटलें. चाळीस वर्षांत त्यांची पहांटेची घंटा एकदांहि चुकली नाहीं, असें एकानें सांगितलें. त्याच घंटेवर आम्ही चूल पेटवीत असूं, असें एक बाई म्हणाली. त्यांची पत्नी हें सर्व शांतपणें ऐकत होती. शेवटीं ती एवढेंच बोलली, "घंटा गांवांत ऐकूं जाते कीं नाहीं, हें ते मला रोज विचारीत."

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचें उत्तर साऱ्या गांवाला ठाऊक होतें. तें त्यांच्या कानांवर मात्र कोणीं घातलें नव्हतें.

स्तुति केली तर मुलें लाडावतील, सून डोक्यावर बसेल, गडी आळशी होईल, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिच्यापायीं कित्येक घरांत प्रेम असूनहि त्याचा शब्द कधीं ऐकूं येत नाहीं. पण प्रभु येशू ख्रिस्ताची रीत पाहा. गरीब विधवेनें दानपेटींत दोन नाणीं टाकिलीं, तेव्हां शिष्यांना जवळ बोलावून त्यानें त्या नाण्यांचें मोल सांगितलें. परजातीय शताधिपतीची श्रद्धा त्यानें लोकांदेखत वाखाणिली. बेथानी येथें सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीवर लोक चरफडूं लागले, तेव्हां तिच्या कृत्याचें स्मरण शुभवर्तमानाबरोबर सर्वत्र होईल, असें त्यानें वचन दिलें. ज्यानें ढोंग्यांस कधीं गोंजारिलें नाहीं, त्यानें चांगल्यास चांगलें म्हणावयास कधीं संकोच केला नाहीं. माणूस बिघडतो तो खोट्या स्तुतीनें. खऱ्या स्तुतीनें त्याला आपले कष्ट वायां गेले नाहींत हें कळतें.

या स्मरणिकेंत देणगीदारांचीं नांवें छापलीं जातील, आणि तीं छापावयास हवींतच. परंतु ज्या बाईनें वर्षानुवर्षें वेदीवरील वस्त्रें धुतलीं, ज्या शिक्षकानें पावसापाण्यांत मुलांना धर्मशिक्षण दिलें, ज्या मुलीनें अंथरुणाला खिळलेल्या आजीची सेवा केली, त्यांचीं नांवें कोणत्या यादींत येणार? ती यादी आपल्या जिभेवर आहे. म्हणून माझें एकच मागणें आहे. मंडपाचे बांबू उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें एका जिवंत माणसाकडे जावें आणि त्याच्या ठायीं आपण जें चांगलें पाहिलें, तें त्याला स्पष्ट सांगावें. 'फार छान' एवढ्यावर भागवूं नये. काय पाहिलें, केव्हां पाहिलें, तें सांगावें. आरंभ घरांतून करावा: सासूनें सुनेपासून, बापानें मुलापासून, धन्यानें गड्यापासून.

आणि असा शब्द ज्याच्या वांट्याला येईल, त्यानें पवित्र मरियेचें अनुकरण करावें. एलिझाबेथेनें धन्य म्हटलें, तेव्हां तिनें तें नाकारिलें नाहीं, आणि स्वतःपाशींहि ठेविलें नाहीं. ज्यानें तिच्या ठायीं थोर कृत्यें केलीं, त्या परमेश्वराच्या चरणीं तिनें तें वाहिलें.

तोच परमेश्वर आपल्या सर्वांच्या जिभेस सत्याचें आणि प्रेमाचें वळण देवो, हीच प्रार्थना.