पलंगाचा कठडा आणि आपली वृद्ध माणसे
(मीरा रोड येथील ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वृद्धांच्या आरोग्यावर बोला, असे मला सांगण्यात आले आहे. मधुमेह, रक्तदाब यांविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. मी आज एका लोखंडी वस्तूविषयी बोलणार आहे, ती म्हणजे पलंगाचा कठडा. परिचारिका म्हणून इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते की, या कठड्यावर आपण गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतो.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये मुले-सुना सकाळच्या लोकलने मुंबईला जातात. म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की दवाखान्यासारखा पलंग भाड्याने येतो, नाहीतर शुश्रूषा केंद्र शोधावे लागते. रात्री कठडे वर केले की घरचे निर्धास्त आणि मावशीही निर्धास्त.

अशाच एका केंद्रात मी रात्रपाळीला होते. एका आजोबांच्या पलंगाचे दोन्ही कठडे वर होते. दोनच्या सुमारास त्यांना लघवीला लागली. त्यांनी हाका मारल्या. मी पलीकडच्या खोलीत सलाईन बदलत होते. आजोबा कठडा ओलांडू लागले आणि कोसळले. खुब्याचे हाड मोडले. कठडा नसता तर ते गादीच्या उंचीवरून पडले असते, कठड्यामुळे हातभर अधिक उंचीवरून पडले. सकाळी मुलगा आला. "सिस्टर, कठडा लावला होता ना?" एवढेच त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

दुसरा धोका फटीचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००८ या काळात कठड्यात अडकण्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली. त्यांत ४८० माणसे दगावली. बहुतेक जण अशक्त, वृद्ध किंवा भान हरपलेले होते. या प्रशासनाने १९९५ मध्ये इशारा दिला आणि २००६ मध्ये मोजमाप सुचविले. कठड्याच्या दांड्यांमधील तसेच गादी व कठडा यांमधील फट १२ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे पावणेपाच इंचांपेक्षा कमी असावी. आपल्याकडे पलंग दुकानाचा आणि गादी घरची, त्यामुळे माप जुळतेच असे नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घातलेली हवेची गादी चांगलीच. परंतु तिची कड वजनाने दबते आणि फट वाढते. म्हणून कड हाताने दाबूनच मोजावे.

मग कठडे काढून टाकावेत काय? तसे नाही. रुग्ण गुंगीत असताना किंवा त्याला पलंगासकट हलविताना ते हवेतच. कुशीवर वळताना धरायला डोक्याकडचा अर्धा कठडा उपयोगी पडतो. परंतु ज्याला उठता येते पण भान राहत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी कोंडणे सर्वांत धोक्याचे. त्याचा पलंग जमेल तितका खाली ठेवा, चाकांचे ब्रेक लावा, झीरोचा दिवा चालू ठेवा. निजण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा त्याला संडासला न्या. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि ओढणीने हात बांधणे, हे मी चांगल्या घरांतही पाहिले आहे, ते कृपा करून थांबवा.

केंद्रात ठेवणार असाल तर खोलीतला टीव्ही पाहण्याआधी रात्री किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात, हे विचारा.

मी मोजपट्टी बरोबर आणली आहे. ज्यांच्याकडे असा पलंग आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. मोजायचे कसे ते दाखवीन.