दारूचा कर आणि आगऱ्यांची शपथ

(कल्याण येथील सभेंत केलेलें भाषण)



अमेरिकेंतील वसाहतवाल्यांनीं १७७३ सालीं बोस्टनच्या बंदरांत इंग्रजांचा चहा समुद्रांत फेंकला, ही गोष्ट आमच्या मुलांना शाळेंत शिकवितात. पार्लमेंटांत आमचा माणूस नाहीं, तर तुमचा करही आम्ही देणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें. त्यांतून १७७५ सालीं युद्ध पेटलें. शिकवावी, आमची तक्रार नाहीं. पण ह्याच ठाणें जिल्ह्यांत आगरी-कोळ्यांनीं सरकारच्या कराविरुद्ध काय केलें, हें त्याच मुलास विचारा. तो गप्प बसेल, बहुधा मास्तरही.

आमच्या रानपट्टींत मोहाचीं फुलें वेंचावीं, सणावाराला थोडी दारू गाळावी, ताडमाड छेदावा, हा जुना रिवाज. १८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. गाळण्याचें काम मोठ्या भट्ट्यांत, मुख्यतः उरणास, गोळा झालें. विक्री मक्तेदाराच्या हातीं गेली. ताडीच्या झाडागणिक कर बसला. झाड रयतेचें, त्यावर चढणार भंडारी, पडून पाय मोडला तर तोही त्याचाच. आधीं कर मात्र सरकारचा!

आम्ही येथें दारूची वकिली करीत नाहीं. दुकानें वाढलीं म्हणून जोतीरावांनीं १८८० सालीं पुणें म्युनिसिपालिटीकडे लेखी तक्रार केली होती. पण लोकांनीं पिऊं नये म्हणून कर बसविणें निराळें, आणि लोक पितील तितकें बरें अशा हिशेबानें तिजोरी भरणें निराळें.

१८८६ च्या सुमारास ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील आगरी वगैरे लोकांनीं गांवोगांव शपथा घेऊन दारू सोडली. जो पिईल त्यास जातीचा दंड. दगड नाहीं, लाठी नाहीं. दारू महाग केलीत ना? मग ओठच कोरडे ठेवतों, बसा मोजीत! मिशनरी व्यसन सोडा म्हणून उपदेश करीत, अंमलदार माना डोलवीत. पण रयतेनें खरोखर सोडतांच तिजोरीला खार लागला आणि त्याच अंमलदारांना त्यांत बंड दिसूं लागलें.

१८८८ सालीं काँग्रेसनें अबकारीवर ठराव केला. १८८९ सालीं विलायतेच्या पार्लमेंटांतही ह्या धोरणाविरुद्ध ठराव पास झाला. दोन्ही योग्यच. पण ठराव मांडणाऱ्यांचीं नांवें छापलीं गेलीं. दोन वर्षें आधीं ज्यांनीं जीभ आवरली, त्यांचीं कोणीं लिहून ठेवलीं? आणि ठरावांनीं पदरांत काय पडलें? १८९२ सालीं ठाणें-कुलाब्यासाठीं मोहाच्या फुलांचा कायदा झाला. फुलें जमविणें व बाळगणें ह्यांवरच बंदी आली. कातकरी, ठाकूर, वारली तीं फुलें टंचाईंत शिजवून खात. म्हणजे दारूसाठीं आलेला कायदा भुकेल्याच्या टोपलींत हात घालूं लागला.

आमच्या पूर्वजांना देव करण्याची आम्हांस हौस नाहीं. ती शपथ टिकली नाहीं. जातीचा दंडही गरिबालाच जड जातो. आज आमच्याच लग्नांत काय चालतें, तें मंडपांत बसलेल्यांना सांगावयास नको. आणि राज्य स्वकीयांचें झालें तरी दारूचा पैसा तिजोरीला अजून गोडच लागतो.

बोस्टनच्या चहानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १८७३ सालीं, जोतीरावांनीं ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली. ती चहा फेंकल्याबद्दल नव्हे, तर तेथील हबशी गुलामांना मोकळें केल्याबद्दल. कर नाकारणाऱ्या वसाहतवाल्यांनीं आपले गुलाम मात्र ठेवले होते, आणि ते सुटावयास १८६५ साल उजाडलें. जोतीरावांची नजर नेमकी तेथें गेली.

भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाड ह्या बाजूच्या ज्या घरांत गांवपंचांचे जुने कागद, दंडाच्या वह्या असतील, त्यांनीं त्या वाळवीच्या तोंडीं देऊं नयेत. मोडी वाचतां येत नसेल तर आमच्याकडे आणाव्या. नक्कल करून घेऊं, मूळ वही त्याच दिवशीं परत देऊं.